बाबाच्या कुंपणातली अमानत

पेशावरकडच्या मर्दानच्या वरच्या अंगाला टेकडीवर इंग्रज साहेबाने काफिरांच्या काळचे बुत, म्हणजे दगडी मूर्ती, उकरायला घेतले, तेव्हा मजुरांवर मुकादम म्हणून सरबुलंद युसुफझईला नेमलं. कारण एकच, त्याचा शब्द. सरबुलंद ज्या बकरीला जामीन राहिला ती लांडगासुद्धा सोडून देतो, असं गावात म्हणत.

खोदकाम आटोपलं आणि बुत न्यायला येणारे उंट पावसाने अडकवले. साहेबाला छावणीत परतायचं होतं. बुत उघड्यावर टाकले तर त्यांची मुंडकी बाजार गाठणार, म्हणून त्याने शिपाई मागे ठेवायचं काढलं.

सरबुलंदला ते झोंबलं. "शिपाई कशाला? शहीदबाबाच्या मजारीच्या कुंपणात ठेवा. तिथे माणसं सरपण टाकून खुशाल परगावी जातात. हात लावील त्याचा हात झडतो."

"बुत? बाबाच्या पायाशी?" म्हाताऱ्या शेरगुलकाकाने तोंड वाकडं केलं.

"पाहुण्याने विश्वासाने ठेवलेली अमानत आहे, काका. बाबाला दगड काय, सरपण काय! आणि वर राखण बसवली तर बाबाची अब्रू काय राहिली?"

राखण बसवली नाही.

गावातल्या कोणीही हात लावला नाही. पण एका दुपारी छावणीतला कप्तान तित्तर मारायला आला, कुंपण ओलांडून आत गेला आणि सगळ्यांत देखणं मुंडकं खेचरावर लादून घेऊन गेला. त्याचा हात झडला नाही. त्या दिवशी तित्तरही पुष्कळ मिळाले.

साहेबाने सरबुलंदला बोलावून घेतलं. "मुंडकं कुठे आहे?"

"कप्तानाच्या बंगल्यात, शेकोटीवरच्या फळीवर. तुम्ही त्यांच्याकडे जेवलात तेव्हा समोरच होतं, तुमचा खानसामा सांगतो."

साहेब खिडकीकडे वळला. "कप्तान चोरी करत नाही. संग्रह करतो. तुम्ही सरहद्दीवरचे लोक मात्र..." वाक्य पुरं करण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. मुकादमी गेली.

गावाच्या पंचांचा जिरगा बसला.

"कप्तानाला दगडांचा काय दुष्काळ? खरं सांग, सरबुलंद लाला, पेशावरात भाव काय आला?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले.

"चला मजारीवर! थडग्यावर हात ठेवून शपथ घेतो."

कोणी उठेना. "बस, पोरा," शेरगुलकाका म्हणाला. "कप्तानाने नेलं म्हणतोस, तर बाबाने त्याचं काय वाकडं केलं? मग तुझ्या शपथेला तरी कोण भिणार?"

सरबुलंद खाली बसला.

पुढे त्याच्या मुलीची सोयरीक ठरली. व्याह्यांनी देण्याघेण्याचा शब्द बापाकडून न घेता शेजाऱ्याकडून घेतला. सरबुलंद उठला आणि पाहुण्यांच्या पेल्यांत चहा ओतू लागला.