बायकोचा फॉर्म

२००५च्या सुमारास अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात एक मुलगी हृदयरोगाच्या सर्व्हेचे फॉर्म वाटायची. "आपल्या लोकांवर इथे रिसर्चच नाहीये," हे ती भांडल्यासारखं सांगायची. नवरे बायकांचे फॉर्म भरायला लागले की तिचं डोकं फिरायचं.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मी बायकोच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' अशी खूण केली. मुलीने तो टराटरा फाडला.

"काका, काकूंना विचारलंत? असल्या फॉर्मवरच आपण सगळे ठणठणीत असतो."

नवा फॉर्म तिने बायकोला दिला. बायकोने 'छातीत दुखतं' यावर खूण केली.

"कधीपासून, काकू?"

"दोन वर्षं झाली. यांना माहीत आहे."

खरं होतं. तरी मी त्या मुलीवरच खेकसलो.