माशीचं काम

शाहूपुरीत शेतीच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर एक गृहस्थ असतात. ते बाटली पुढे करतात, पण हातातून सोडत नाहीत. आधी विचारतात, "पीक फुलावर हाय का?" हो म्हटलं की बाटली परत फळीवर जाते. मालक कुरकुरतो, ते निमूट ऐकून घेतात.

मागच्या महिन्यात मी त्यांना नाही म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. गच्चीवरच्या भोपळ्याच्या वेलावर मावा पडला होता आणि वेल फुलांनी भरला होता. फवारल्यावर मावा गेला, पण मधमाश्याही यायच्या थांबल्या. बोटाएवढे भोपळे पिवळे पडून गळू लागले. शेवटी दुकानात जाऊन मी त्यांना खरं सांगितलं.

रविवारी सकाळी ते घरी आले. रागावले नाहीत, त्यानंच मी जास्त अवघडलो. एक नरफूल तोडून त्यांनी मादीफुलात हलकेच फिरवलं. "आता माशीचं काम रोज तुमी करायचं," म्हणाले.

मग कठड्यावरून वाकून शेजारच्यांच्या परसातला कारल्याचा मांडव बघत राहिले. तिथंही एक माशी नव्हती.

"त्यांच्याकडंबी जावा," ते म्हणाले. "त्यांनी कुठं काय फवारलंय?"

आठवडा झाला. शेजारच्यांच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत आलोय.