समोरच्या काकांची स्थलांतरं

अमरावतीत कोण कुठल्या जिल्ह्यातून आलं आणि अमरावती सोडून कोण कुठल्या जिल्ह्यात गेलं, हे आमच्या घरासमोरच्या काकांना जेवढं ठाऊक होतं तेवढं खुद्द सरकारलाही नसावं. सांख्यिकी खात्यातली नोकरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि तेच काम घरून, बिनपगारी सुरू केलं. एका जिल्ह्याला एक पान. पुण्याला मात्र वीस पानं, आणि तीही वर्षभरात भरली. अंगणात पाऊल टाकणारा कुणीही सुटत नसे. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागलेला एक यवतमाळकर भाड्याची खोली विचारायला आला होता. खोली नव्हतीच, पण काकांनी त्याच्या तिन्ही भावांचे जिल्हे लिहून घेतले आणि त्याला जेवू घालूनच पाठवलं. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा सगळे पेढे मागायला आले, काका वही घेऊन आले. "कायमची चालली का तात्पुरती?" आईचा चेहरा उतरला. मी "तात्पुरती" म्हटलं, तर त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली.

पुढे एकदा सुट्टीत आले असताना ते मला कौतुकानं वही वाचून दाखवत होते. "मानसायपेक्षा बायाच जास्त गाव सोडतात, पोरी. लगन झालं का निंगाल्या." शेजारी काकू सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग माह्यं नाव कुठं हाय?"

काकांनी वही उलटसुलट चाळली. नाव नव्हतं. "तू तं घरातलीच हाय," ते म्हणाले.

"बार्शीटाकळीहून आली मी. चाळीस वर्षं झाले."

काकांनी घाईघाईनं अकोला जिल्ह्याचं पान काढलं, नाव लिहिलं आणि सवयीनं विचारलं, "कारण?"

"थे तुमीच लिवा," म्हणत काकू शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या. काकांनी कारणाची जागा कोरी ठेवून वही मिटली.

त्यानंतर दोन वर्षांनी काकू गेल्या. पुण्यात असलेला त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला, पण काकांनी ऐकलं नाही. बार्शीटाकळीत काकूंच्या भावाच्या घराशेजारी खोली घेऊन ते तिथे राहायला गेले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं आमच्या गल्लीचं एकमत झालं.

गेल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा स्वतः केला, पार पाणचट, आणि मला गाव दाखवायला निघाले. ही तिची शाळा, हे तिच्या मैत्रिणीचं घर, या चिंचेवरून ती पडली होती. सगळं मेव्हण्याला विचारून विचारून गोळा केलेलं. रस्त्याच्या वळणावर ते थांबले.

"इथून आमची लग्नाची गाडी निंगाली. लय रडली थे, मेव्हना सांगते. मी बाजूलेच बसलो होतो, पोरी. मले काहीच आठवत नाही."

अकोल्याची बस येऊन गेली, धूळ खाली बसली, तरी आम्ही दोघं तिथेच उभे होतो.