सुभाषची पाण्याची लायब्ररी

मुकुंदवाडीत पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांत आमची गेम बनवायची कंपनी होती. माणसं तीन, कॉम्प्युटर चार. प्रोग्रॅम तयार व्हायला पाऊण तास लागायचा, तेवढ्यात एखादा किस्सा व्हायचाच. वर्षं दुष्काळाची, त्यामुळं किस्सेही बहुतेक पाण्याचेच!

चित्रं काढायला शहागंजचे हबीबभाई. खिडकीतून दिसणारं शेत त्यांनी गेममध्ये मागं लावलं. महिन्याभरात तिथं बिल्डिंग! त्यांनी तीही काढली. मग दुसरी, तिसरी... शेवटी ब्रश आपटून म्हणाले, "भाई, पहले शहर को बोलो, थोडा रुक जाए!"

*

प्रोग्रॅमर सुभाष. गेममधलं पाणी वाहतं करायला तयार लायब्रऱ्या मिळतात. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडचं गाठोडं, आणायचं आणि सोडायचं. सुभाषला एकही पटेना.

"ह्यातलं पाणी संपतच नाय! असं कुठं असतंय व्हय?"

त्यानं स्वतःची लायब्ररी लिहिली. हिरो जेवढं पाणी प्यायला, तेवढी नदी कमी. तिसऱ्या लेव्हलला नदी कोरडी! परदेशातल्या गिऱ्हाईकाची मेल आली, नदीत बिघाड आहे, दुरुस्त करा. सुभाषनं केली. चौथ्या लेव्हलला टँकर आला!

खोटं वाटेल, पण खेळणारे हिरोला घेऊन तासतासभर रांगेत उभे राहायचे.

*

मग पाण्याचा आवाज हवा होता. विकतच्या आवाजांत नुसते धबधबे. सुभाष म्हणाला, "हे फुकटचं पाणी वाटतंय."

नवव्या दिवशी त्याच्या घरी नळाला पाणी आलं, तेव्हा त्यानं मोबाईल धरून रेकॉर्ड केलं. आधी हवेची फुस्स, मग गुळणी, मग धार. शेवटी त्याचीच बायकोला आरोळी! हबीबभाईंनी ऐकून विचारलं, "क्या मियाँ, हिरो के साथ भाभी भी खेलेगी क्या?"

गेमसाठी आरोळी कापली.

*

पुढच्या उन्हाळ्यात सुभाष गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. समोर प्रोग्रॅम तयार होत होता. झाला, तर एकही चूक नाही! आयुष्यात पहिल्यांदा. आणि चिडवायचं कुणाला?

आम्ही बाहेरची तयार लायब्ररी घेतली. तिच्यातलं पाणी संपत नाही.

*

वर्षानं कुंदावहिनी आल्या. सुभाषची बायको.

"भावजी, ह्यांचा आवाज हाय का कुठं? मोबाईल बिघडला, त्यातलं समदं गेलं. मला आता आवाज आठवंना झालाय."

सुभाषचा कॉम्प्युटर भंगारात द्यायला दाराशी काढून ठेवला होता. हबीबभाईंनी तो आत आणला, वायरी जोडल्या. दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा सुरू झाला. त्याच्या लायब्ररीत मूळ रेकॉर्डिंग तसंच होतं, न कापलेलं.

लावलं. फुस्स. गुळणी. धार. आणि सुभाष ओरडला, "कुंदे, पाणी आलं! मोटार लाव!"

वहिनी ताडकन उठल्या. "लावते, लावते," म्हणत भिंतीवर बटण चाचपायला लागल्या.