आपाचा डॉक्टर

शेखलाल मुलाणी आणि मी पुण्यात तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मी शिरूरचा, तो दौंडकडच्या खुटबावचा. त्याचे आईवडील पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले, तेव्हा त्याची थोरली बहीण लालबी, त्याची आपा, सतरा वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. धाकट्या भावाला बरोबर घ्यायला सासरचे तयार होईनात, म्हणून तिनं ते लग्नच मोडलं. गावातल्या बायकांच्या चोळ्या आणि लहान मुलांची झबली मशीनवर शिवून तिनं त्याला मॅट्रिकपर्यंत आणलं. खुटबावात डॉक्टर नव्हता. आपला भाऊ तिथला पहिला डॉक्टर होणार, हे तिनं पक्कं केलं होतं.

१९५६ साली आम्ही दोघं सायन्सला गेलो. जर्नलमध्ये बेडकाची आकृती काढायची होती. शेखलालनं ती काढली आणि खाली दीड पान लिहिलं, ओढ्यात बेडूक ओरडायला लागले की आपा दोरीवरचे कपडे ओढायला कशी पळते ते. मास्तरांनी तांबड्या शाईनं फुली मारली. संध्याकाळी त्यानं ते मला वाचून दाखवलं. शेवटी जर्नल मिटत म्हणाला, "जालिंदर, मला एवढंच येतं रं."

पुढच्या जूनमध्ये त्यानं सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातलं. अर्ज भरताना मी शेजारी उभा होतो.

"आपाला कळवलंस?"

"दिवाळीला गेलो की सांगतो."

दिवाळी गेली, ईद गेली. लालबीला वाचता येत नव्हतं. त्याची पत्रं शाळेतले मच्छिंद्र गुरुजी तिला वाचून दाखवत. 'अभ्यास नीट चालला आहे,' एवढंच तो लिही. आणि ते खरं होतं. असा अभ्यास त्यानं आयुष्यात केला नव्हता. रोज काहीतरी लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा.

अठ्ठावन्नच्या दिवाळीत मी त्याच्याबरोबर खुटबावला गेलो. लालबी बोलता बोलता मशीन थांबवायची आणि पोटावर हात दाबून धरायची. मी विचारलं तर हसली.

"काय न्हाई भाऊ, गोळा येतोय पोटात कवा कवा. परक्या बाप्याला काय पोट दाखवायचं? घरातच डाक्टर व्हतोय की. त्योच बघंल."

शेखलाल जमिनीकडं बघत बसला. मीही काही बोललो नाही. स्टेशनवर मात्र मी त्याला धरलं.

"आज तरी सांगायचं होतंस."

"परीक्षा होऊ दे. मग सांगतो."

मार्चमध्ये ती मशीनवरच पडली. तार आली तशी आम्ही दोघं दौंडच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर वयस्कर होते. तपासून झाल्यावर म्हणाले, "फार उशीर केलात. आता पुण्याला नेऊनही उपयोग नाही."

लालबी पडल्या पडल्या म्हणाली, "माझ्या भावाला समजावून सांगा, सायेब. त्यो बी डाक्टरकी शिकतोय."

डॉक्टरांनी मान वळवली. "असं? कितव्या वर्षाला?"

"मी डॉक्टरकी शिकत नाही," शेखलाल म्हणाला. "मराठी घेऊन बी.ए. करतोय."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. लालबी भावाकडं बघत राहिली.

"कवापासनं?"

"दोन वर्सं व्हतील, आपा."

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मग सांगायचं न्हाई व्हय? मी दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं."

आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर ती पाच आठवडे जगली. पाणी दे, उशी सरकव, एवढंच त्याच्याशी बोलायची. एकदाच तिनं विचारलं, "मराठी तर आपुन बोलतोच की. त्यात शिकायचं काय आसतं?"

त्या वर्षी त्यानं परीक्षा दिली नाही. पुढल्या वर्षी बी.ए. झाला आणि शिरूरच्या शाळेत माझ्याबरोबरच मास्तर म्हणून लागला. चार वर्षं त्याचं लिखाण मासिकांकडून परत येत होतं. मग एकदाची त्यानं लालबीची कथा लिहिली. ती चौसष्टच्या एका दिवाळी अंकात आली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. अनोळखी माणसांची पत्रं आली. एका प्रकाशकानं आपणहून पुस्तक मागितलं.

तो अंक घेऊन तो खुटबावला गेला. पाटलांच्या हौसरावआबांनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला होता. चावडीसमोर चारचौघांत ते म्हणाले, "झ्याक लिवलंय. लालबी हाय तशी उभी केलीस, पोरा. पर ती जित्ती ऱ्हायली आसती तर तुला काय लिवाया गावलं आसतं?"

परत आल्यावर शेखलालनं मला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणाला, "आबा चुकीचं काय बोलले?"

मी ती कथा दोनदा वाचली. चांगलीच आहे. त्यातला भाऊ दिवाळीला एकटाच गावी जातो. स्टेशनवरही तो एकटाच असतो. सगळं माहीत असून शेजारी गप्प बसलेला मित्र त्यात कुठंच नाही. मला त्यानं का वगळलं, हे मी कधी विचारलं नाही. शाळेत आम्ही एकाच टेबलावर वह्या तपासतो. त्याच्या घरी मात्र माझं जाणं कमी झालं, आणि तोही बोलवायचा थांबला.