मुठीची पिवळी ज्वारी

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण चर्चची घंटी नऊला झाली आणि त्यापुढची दहा मिनिटं सासूबाईंनी माझा पदर नीट करण्यात घालवली. मी सुवार्ता, नवी सून, लग्नानंतरचा पहिलाच रविवार!

किस्से साचतात ते आमच्याकडच्या कापसासारखे. भाव नव्हता त्या वर्षांत गावात घरोघरी कापूस भरून पडला होता. बसायला जागा नाही, अंगाला खाज सुटते, पण बाहेर टाकवत नाही. घाटंजीजवळच्या आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीचे किस्से तसेच माझ्या डोक्यात भरून आहेत. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण रिबेकाआजीला एक निरोप द्यायचा राहून गेला, म्हणून लिहून राह्यली.

*

आमच्यात मुठीची रीत आहे. चूल पेटवायच्या आधी घरच्या बाईनं एक मूठ धान्य देवाच्या डब्यात टाकायचं. रविवारी ते पिशवीत बांधून न्यायचं आणि अर्पणाचं गाणं सुरू झालं की समोरच्या टेबलावर ठेवायचं. भक्ती झाल्यावर सगळ्यांचं धान्य रिबेकाआजी निवडायची. सोमवारी ज्या घरची चूल थंड असेल, त्यांच्या दाराशी गुपचूप ठेवून यायची. कोणाला दिलं ते चर्चच्या पाळकसाहेबांनाही सांगायची नाही.

तर त्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. गाणं सुरू झालं. मी मान खाली घालून मधल्या वाटेनं निघाली. टेबलाशी पोचली तर पिशवी हलकी! उंदरानं कोपरा कुरतडला होता. मागं वळून पाहिलं तर दारापासून ज्वारीची रेघ, आणि रेघेवरून पाच कोंबड्या दाणे टिपत माझ्या मागे येत होत्या!

गाणं थांबलं. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून रिबेकाआजी म्हणाली, "पाहा वो पाळकसाहेब! नवी सून एकटी नाही आली, मंडळी वाढवूनच आली!"

सगळे हसले, मीपण हसली. त्या दिवशी त्या बाईनं मला वाचवलं.

*

कापणीच्या सणाला ज्याच्या शेतात जे पिकलं ते आणून अर्पण करायचं, मग बाहेर त्याचा लिलाव. अब्राहामकाका एकदा एवढं मोठं कोहळं घेऊन आले की दोघांनी धरावं लागलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. लिलाव सुरू झाला, तर बोली कोण चढवून राह्यलं? स्वतः अब्राहामकाका! शेवटी आपलंच कोहळं सोडवून डोक्यावर घेऊन घरी निघाले.

आजीनं वाटेत अडवलं. "परतच न्यायचं होतं, तर आणलं काहून?"

काका म्हणाले, "देवाले दाखवायचं होतं न व मावशी! त्यानं पाह्यलं, झालं!"

*

एका वर्षी सणाला बहुतेकांनी कापूसच आणला. पण ज्याच्या त्याच्या घरी कापूस, बोली लावणार कोण? तो ढीग चर्चच्या कोपऱ्यात महिनाभर पडून होता. पाळकसाहेब एका रविवारी उपदेशात चिडूनच बोलले, "जे बाजारात कोणी घेत नाही, ते तुम्ही देवाला आणता!"

आजीची नजर अधू झाली होती, तरी ती रोज दुपारी तिथं बसून बोटांनी सरकी काढू लागली. त्या कापसाच्या तिनं लहान लहान गाद्या शिवल्या. त्या वर्षी मंडळीत जितकी लेकरं जन्मली, सगळी तिच्या गादीवर झोपली. माझी कृपासुद्धा.

पाळकसाहेब गादी पाहायला आमच्या घरी आले तेव्हा आजी तिथंच होती. म्हणाली, "घ्या साहेब, तुमच्या उपदेशापेक्षा मऊ झाली!"

*

चर्चची घंटी तुटली तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या सायकल दुकानवाल्या रशीदचाचांनी वेल्डिंग करून दिली. पाळकसाहेब मजुरी द्यायला गेले. चाचांनी हात जोडले. "रहने दो साहब. घंटी बंद थी तो मेरा भी इतवार चुक गया. सोमवार समझके दुकान खोल दी, बीवीने खूब सुनाई!"

पुढच्या रविवारपासून त्यांच्या घरूनही मूठभर तांदूळ येऊ लागले. आजी ते पोटाशी धरून आणायची.

*

आता माझा किस्सा. हसायसारखा नाही.

सासूबाई वारल्या, डबा माझ्याकडे आला. त्या वर्षी वेचणीची कामं कमी झाली. आमचे हे कधी बोरी अरबकडे कामाला जायचे, कधी घरीच बसायचे. कृपा वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. आंगणवाडीतल्या बाई वजन करायच्या आणि तोंड पाडायच्या. मला झोप नव्हती. लेकरू श्वास घेते का, ते नाकाजवळ बोट धरून पाहायची.

त्यात एकदा कृपानं कडेवरून हात मारून हळदीचा डबा ज्वारीच्या पिंपात पालथा केला. वरची सगळी ज्वारी पिवळी झाली. पुढं ओल लागून ती किडलीही. मी ती वेगळी काढून ठेवली. फेकायला जीव होईना. मग मनात आलं, देवाच्या डब्यात टाकू. सगळ्यांच्यात मिसळून जाते, कोणाला कळते!

तेव्हापासून दर रविवारी मी पिशवीत पिवळी, किडकी ज्वारी बांधून न्यायची. चांगली लेकरासाठी ठेवायची. टेबलावर पिशवी ठेवायची आणि त्याच तोंडानं म्हणायची, प्रभू, माझ्या लेकराला पायावर उभं कर.

आजीला निवडायला आता जास्तच वेळ लागायचा. सुपातलं काही बाजूला काढून पदरात बांधायची. एका रविवारी बाया बसल्या होत्या, कृपा कडेवर रडून राह्यली होती, माझं डोकं फिरलेलं. मी मोठ्यानं बोलली, "काय व आजी, देवाचं धान्य निवडता निवडता तुया पदरात किती जाते?"

बाया फिदीफिदी हसल्या. आजीचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कृपाकडे पाहिलं.

"जाते न बाई," म्हणाली, "पदरातच जाते."

आणि पुन्हा निवडू लागली.

*

त्यानंतर कृपाला जुलाब लागले. यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस होतो. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पातळ पेज पाजा. घरी आलो, पिंप रिकामं. पेज कशाची करू?

दाराशी एक पिशवी होती. आत पांढरीशुभ्र ज्वारी. मी ताटात पसरून पाहिली, खडा नाही, कीड नाही, एक पिवळा दाणा नाही. कृपा ती पेज प्याली. पुढचा महिनाभर दर सोमवारी पिशवी आली. एका दुपारी कृपा उंबऱ्याला धरून उभी राहिली.

मग पिशवी कोणी दुसरंच ठेवून जाऊ लागलं. आजीला दिसेनासं झालं म्हणून तिची लेक तिला उमरखेडला घेऊन गेली होती. मी कृपाला कडेवर घेऊन तिच्या घरी धावली. कुलूप होतं. चावी रशीदचाचांच्या बीवीकडे, आजीच्या कोंबड्यांना दाणा त्याच टाकायच्या. त्यांनी दार उघडलं.

"देख ले सुवार्ता बेटी," म्हणाल्या, "कुछ नहीं ले गई."

कोपऱ्यात डबा होता. मी झाकण काढलं. आत पिवळी ज्वारी, किडकी. कोंबड्यांसाठी असेल, असं मी मनाला सांगितलं. मग जात्याकडे लक्ष गेलं. जात्याच्या कडेला पिवळं पीठ लागलेलं होतं. टोपलीत अर्धी भाकर वाळून पडली होती, तीसुद्धा पिवळी.

चाची म्हणाल्या, "क्या हुआ? रो क्यूँ रही?"

*

तेव्हापासून उमरखेडला जायचं ठरवते. कधी लेकराला ताप येतो, कधी भाड्याची सोय नसते. म्हणून तुमच्यापैकी कोणी त्या एसटीनं जाणार असेल, तर बाजाराजवळ रिबेकाआजीच्या लेकीचं घर विचारा. आजीला आता दिसत नाही, तेव्हा आधी हात हातात घ्या, मग सांगा. म्हणा, कृपा चालते. म्हणा, रविवारी भक्ती झाल्यावर सूप घेऊन आता सुवार्ता बसते. आणि मागच्या रविवारी एका नव्या सुनेनं तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काय वो बाई, पदरात किती जाते?" तर सुवार्ता म्हणाली, "जाते न बाई, पदरातच जाते."

एवढं सांगा तिला.