कंपनीची म्हैस

तरुणपणी मी ज्या कार्टून सिनेमात रंगकाम केलं, तो पुन्हा थिएटरला लागणार म्हणून गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस धामणकर नाक्यावरच्या माझ्या घरी आला. खाली कापड विणायचे लूम खडखडत होते, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "आंटी, मूळ चित्रं तुम्ही लोकांनी जपायला हवी होती. केवढा वारसा होता!"

माझं डोकंच फिरलं. ती हजारो चित्रं आम्ही दहा बायकांनी पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर हाताने रंगवली. एका शीटवर म्हशीची शेपटी खाली, पुढच्या शीटवर बोटभर वर. कॅमेऱ्याने फोटो काढला की साहेबांचा हुकूम यायचा, शीट धुवा आणि पुन्हा वापरा. सकाळी रंगवलेली म्हैस संध्याकाळी मीच साबणाने घासून मोरीत सोडायचे. तेव्हा कुठे झोपला होता यांचा वारसा?

तरी म्हशीची एक शीट मी न धुता पिशवीत लपवून घरी आणली होती. ती काढून त्याच्यापुढे आपटली. त्याने उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "ही कंपनीची प्रॉपर्टी आहे. मला न्यावी लागेल."

"थांब, नीट करून देते."

मी शीट मोरीत नेली. जुना रंग लवकर सुटेना, पण माझ्या हातांना सवय आहे. तो दारातून "आंटी, आंटी" करत राहिला.

कोरं प्लास्टिक पदराने पुसून त्याच्या हातात ठेवलं.

"घे. कंपनीचं एवढंच होतं."